स्वखुशीची सही

दुबईत आमच्याकडच्या कुणाला मुखत्यारपत्र करायचं असलं की साक्षीदार ठरलेला असे, इनासमामा. गावची जमीन तिकडे विकायची तर तसा अधिकार इथून लिहून द्यावा लागतो आणि वकिलातीत साक्षीदारांसमोर सही करावी लागते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारे मामा त्यासाठी रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून येत. काम उरकलं की खांद्यावर हात ठेवून म्हणत, "झाला! आता तुजो गाव नकाशात बघ." आमची काजूची बाग विकली तेव्हा मीही ते ऐकलं आणि चहाचा विषय काढला.

मग त्यांचीच पाळी आली. शिरोड्याला समुद्राजवळ त्यांचं वडिलोपार्जित घर. तिथे धाकटे भाऊ पास्कू राहत. दोघेही बिनलग्नाचे. एका रिसॉर्टवाल्याने घर मागितलं आणि पास्कूंनी 'विकून टाकू' म्हणत फोनवर फोन करून मामांना हैराण केलं. शेवटी मामा मला म्हणाले, "चल रे. माज्या मरणाक साक्षीदार तू."

खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला, "स्वखुशीने सही करताय ना?"

मामांनी पेन खाली ठेवलं. कचेरीत ते जपून शुद्ध बोलत. "नाही, साहेब."

आता अधिकाऱ्याने वर पाहिलं. "कुणी जबरदस्ती केलीय?"

"नाही. पण खुशी नाही."

"मग सही घेता येणार नाही."

मामांनी त्याचे असे आभार मानले, जणू घर त्यानेच परत दिलं होतं. बाहेर येऊन मात्र ते पायरीवर बसले. "पास्कूक काय सांगू रे?"

"सांगा, साहेबांनी नको म्हटलं."

"व्हय," ते खुलले. "सरकारी अडचण!"

नोकरी संपल्यावर ते घरी परतले. दोघे भाऊ रोज भांडत. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती घालायची, यावरूनसुद्धा. मग दोघेही मला वेगवेगळे फोन करून एकमेकांच्या तक्रारी सांगत.

गेल्या वर्षी मामा गेले. मी भेटायला गेलो तेव्हा पास्कू व्हरांड्यात एकटेच बसले होते. आता अडवणारं कुणी उरलं नव्हतं. रिसॉर्टवाला अजून येतो का, मी विचारलं.

"येता मरे," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "मी सांगतंय, इनास घराक नाय, मागीर कदीतरी येवा."