आक्कांचं भाषांतर

टीव्हीसमोर आक्का कधी गप्प बसल्या नाहीत. पडद्यावरच्या माणसाचं वाक्य संपायच्या आत यांचं मराठी सुरू. निपाणीच्या आमच्या गल्लीतल्या बायका मांडीवर सूप घेऊन, विड्या वळत वळत, दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या सोप्यात बसत. हिंदी कुणालाच धड कळत नसे. आक्कांचे वडील बेळगावच्या कॅम्पात लष्कराचे आचारी होते, त्यामुळे आक्कांना तेवढी यायची. मी त्यांची भाडेकरू, चोवीस वर्षांची, शाळेत हिंदी शिकवायला नवीनच लागलेली. त्यांचं भाषांतर ऐकून मला हसू आवरत नसे.

मालिका एका मोठ्या घराची होती आणि त्यात सगळे एकमेकांवर प्रेम करत. आक्कांनी त्या प्रेमांची वर्गवारी लावून टाकली होती. "परेम काय एका जातीचं असतंय व्हय गं? थोरल्याचं तोंडातलं, सारखं बायकूचं नाव. धाकट्या सुनंचं हातातलं. बोलायची न्हाय, पर सासूचं पाय चेपंल. आत्याचं पोटातलं, भाच्याला चारून चारून मारंल बघ!" बायका खिदळत. मग कुणीतरी विचारी, "आनि म्हाताऱ्याचं वो, आक्का?" आक्का मागे न बघता म्हणत, "त्येचं कुलपातलं. हाय लई, पर भायर निघंना."

मागे दाराशी खुर्चीत आप्पा असत, आक्कांचे यजमान. तंबाखूच्या वखारीत मुकादम. हातात अडकित्ता, तोंडातून शब्द नाही. सगळी मालिका त्यांनी बायकोच्या तोंडूनच ऐकली.

त्या मालिकेतल्या म्हाताऱ्याच्या मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं होतं. तिचं पत्र आलं की तो टराटरा फाडी. आक्का सांगत, "सुनंच्या हाती लागू नये म्हनून फाडतोय. काळीज दाखवायचं न्हाय त्येला." तो तिच्या फोटोपुढं उभा राहून शिव्याशाप देई. आक्का सांगत, "रागावलाय. का येत न्हाईस गं, म्हनतोय." मी पदराआड हसत असे. म्हातारीला गोड शेवट हवाय, एवढंच मला वाटे. डोळे असून आंधळी म्हणतात ती मी.

आक्कांना स्वतःची एक मुलगी होती, सुमन. चार वर्षांपूर्वी तिनं चिकोडीच्या एका परजातीच्या मुलाशी लग्न केलं आणि आप्पांनी तिचं नाव घरात बंद केलं. नाव घेतलं की ते ताटावरून उठत. मग आक्कांनी ते घ्यायचंच सोडलं आणि दर गुरुवारी टीव्हीतल्या म्हाताऱ्याच्या तोंडून नवऱ्याशी बोलायला लागल्या. गल्लीला हे ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

एका गुरुवारी म्हातारा फोटोसमोर बराच वेळ बोलला. आक्का सांगू लागल्या. "म्हनतोय, चुकलं माझं. सकाळच्या गाडीनं जातो आनि पोरीला घिऊन येतो."

सोप्यात विड्या वळायच्या थांबल्या. आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला.

"बाई, तुमी हिंदीच्या मास्तरीन. ह्यो खरंच असं म्हनला?"

आक्कांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही. वर्गात चुकीचं उत्तर आलंय, तेवढंच कळलं.

"छे हो, आप्पा! तो म्हणाला, माझी मुलगी माझ्यापुरती मेली. आक्का आपल्या मनचं सांगतात."

आणि मी हसले. माझ्याबरोबर कुणीच हसलं नाही.

आप्पा म्हणाले, "तरीच. बापमानूस चुकलं म्हनून कसं बोलंल?" आणि अडकित्ता उचलला.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या पारूबाईंनी मला सगळं सांगितलं. वर म्हणाल्या, "काल दुपारीच आप्पांनी आमच्या मालकांना चिकोडीच्या यष्टीची येळ इचारली हुती, बाई." मी भरलेली घागर तिथंच टाकून आक्कांकडे धावले, पाय धरले. त्यांनी मला उठवलं. "तुमी खरं बोलला. खरं बोललेलं आता माघारी घेता येतंय व्हय?" त्या मला एक शब्द लागट बोलल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

मी नंतर आप्पांना दोनदा समजवायला गेले. ते ऐकून घेत आणि चहा सांगत. आक्का पुढच्या गुरुवारपासून बरोबर भाषांतर करू लागल्या. शब्दाला शब्द. हळूहळू बायका यायच्या थांबल्या.

दोन वर्षांनी आक्का गेल्या. सुमन चिकोडीहून आली, कडेवर लहान मुलगी. उंबऱ्याशी आप्पा उभे होते. त्यांनी तिला आत येऊ दिलं नाही. रागावलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "माजी पोरगी माज्यापुरती मेली."

गल्लीत उभं राहूनच तिनं आईला पाहिलं. मी आप्पांच्या मागंच होते. त्यांना हिंदी येत नव्हती. ते वाक्य मराठीत मीच त्यांना करून दिलं होतं.