जनावराची बाजू

डॉक्टर सिनेमा बघताना नेहमी जनावराची बाजू घ्यायचे. जनावर साधंसुधं नसायचं. समुद्रातून वर येणारं, पुलावर पाय दिला की पूल मोडणारं, शेपटीच्या एका फटक्यात अख्खी गल्ली साफ करणारं असायचं. पडद्यावरची माणसं जीव मुठीत घेऊन पळत असायची आणि डॉक्टर खुर्चीत पुढं सरकून म्हणायचे, "डावा पाय टेकवंना बघा. तळव्यात कायतरी रुतलंय त्याच्या. कुणी बघायलंय का? सगळे नुसत्या तोफा डागायलेत."

ते गुरांचे डॉक्टर. नोकरी संपली तरी वालूरलाच राहिले. पत्नी वारली होती, एकुलती मुलगी बंगळूरला. मी तिथल्या शाळेवर शिक्षक म्हणून आलो. माझी बायको-पोरं कोल्हापूरला. समोरासमोरच्या घरांत आम्ही दोघे एकेकटे. संध्याकाळी शाळेतून आलो की त्यांची हाक यायची, "या सर, सुरू झालाय." मग त्यांच्या टीव्हीवर कुठला तरी अजस्र प्राणी हिंदीत डरकाळ्या फोडत असायचा.

गावातले लोक अजूनही गुरं घेऊन त्यांच्या दारात यायचे. डॉक्टर गाईला अहोजाहो करायचे आणि मालकाला अरेतुरे. "या बाई, पाय दाखवा," असं तिला गोंजारून झालं की मालकाकडं वळायचे, "गाढवा, चार दिवस झोपला होतास का?" मालक हसायचा. गायही बऱ्यापैकी ऐकायची.

पत्नीबद्दल मात्र ते कधीच बोलत नसत. भिंतीवरचा फोटो रोज पुसायचे, पण मी विषय काढला की त्यांना हमखास कुणाची तरी म्हैस आठवायची.

एके दिवशी म्हणाले, "परभणीला एका जनावराच्या सिनेमाचा दुसरा भाग लागलाय. पहिला आमी दोघांनी बघितला होता. येता का?" 'दोघांनी' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रविवारी आम्ही जीपने सेलूला गेलो आणि तिथून रेल्वेने परभणीला. डॉक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

सिनेमा खरं तर फसलेला होता. शास्त्रज्ञ नवरा-बायकोचं भांडण संपता संपत नव्हतं. अर्धी मारामारी अंधारात आणि धो धो पावसात, त्यामुळे कोण कुणाला चावतंय तेच कळेना. मघाशी बुडालेलं जहाज पुढच्या प्रसंगात धडधाकट उभं. "मागच्या भागात याला पाच बोटं होती," डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, "आता चारच हायेत." पण उडणाऱ्या राक्षसाला आमच्या गड्याने, म्हणजे डॉक्टरांच्या त्या जनावराने, पंखाला धरून पुलावर आपटलं, तेव्हा थिएटरातली तुरळक पोरं शिट्ट्या मारत उठली आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरही टाळ्या वाजवत उभे राहिले. मीही ओरडलो. लय मजा आली, हे कबूल केलंच पाहिजे.

शेवटी त्याची मादी मरते. तो तिला नाकाने ढोसतो, उठवू बघतो, पुन्हा ढोसतो. ते कलेवर रबरी बाहुलीसारखं डुगडुगत होतं. पोरं खो खो हसली. मलाही हसू आलं. मी डॉक्टरांकडं बघितलं तर ते रुमाल तोंडावर धरून बसले होते.

बाहेर पडून स्टेशनच्या बाकावर बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाकी सगळं खोटं होतं. तेवढं खरं दाखवलं. जोडीतला एक बैल गेला की दुसरा असंच करतो."

"आमची ही गेली ना सर, तेव्हा मला तिच्याजवळ बसूच दिलं न्हाई कुणी. माणसं जमली. मला धरून बाहेर नेलं, खुर्ची दिली. लय माया करायले सगळे. पुन्हा आत गेलो तर सगळी तयारी झालेली." त्यांनी रुमाल खिशात ठेवला. "सिनेमात बघा, एवढी फौज उभी होती. पण त्याला तिच्याजवळनं कुणी उठवलं न्हाई."

गाडी येईपर्यंत आणि आल्यावरही ते पत्नीबद्दल बोलत राहिले. ती भाजी निवडताना गुणगुणायची, पायऱ्यांना घाबरायची, सिनेमात मध्यंतरानंतर हटकून झोपायची. गाडीत माणसं ऐकत होती, तरी ते थांबले नाहीत.

उन्हाळ्यात त्यांचे गुडघे गेले आणि मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. जायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण तिच्यापुढं ते काही बोलले नाहीत. तिकडून फोन करायचे. "घर चांगलंय सर. पोरगी जीव लावती. पण गॅलरीतून एक जनावर दिसत न्हाई. खाली बघितलं की नुसत्या गाड्या." पुढं पुढं फोन कमी झाले. थंडीत एका सकाळी मुलीने कळवलं की ते झोपेतच गेले.

मी शाळेत सांगितलं आणि बातमी गावभर झाली. संध्याकाळी माझ्या दारात चपला जमू लागल्या. गुरं घेऊन येणारी तीच माणसं; हातपाय धुऊन, टोप्या नीट करून आलेली. डॉक्टरांच्या घराला कुलूप, गावात त्यांच्या रक्ताचं कुणी नाही. बसायला जावं तरी कुठं? म्हणून ती माझ्याकडे आली होती. खाली सतरंजीवर सगळे बसले. एक म्हातारे माझ्या शेजारी सरकले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचं माणूस गेलं, सर."