जळका बोर्ड फेकायचा नसतो

मले हे लिहायचंच नव्हतं. माही सून ज्योती शाळेत मास्तरीण आहे. तिनं वही अन् पेन समोर आणून ठेवला अन् म्हणली, "बाबा, जेवताना रोज तेच ते सांगता. एकदा लिहून टाका, म्हणजे आम्ही सुटलो." चौथी शिकलेल्या माणसानं काय लिहावं? पण तिनं दुसरा चहा बंद करायची धमकी देल्ली, म्हणून लिहून राह्यलो. चुका काढायच्या नाहीत.

दिग्रसले बसस्टँडच्या मागं माहं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, चाळीस वर्षं झाली. दुकानात किस्से जमतात ते जळक्या बोर्डासारखे. एक डब्यात टाकला, दुसरा टाकला, एक दिवस पाह्यलं त डबा भरला. माह्या टेबलाखाली बिस्किटाचे तीन पत्र्याचे डबे अशा बोर्डायनं भरले आहेत. लोकायले ते भंगार वाटते. वाटू द्या.

•

पहिले नुसते रेडिओ होते. तवा दिग्रसच्या कोणत्याही रेडिओची पाठ उघडली की आतून कापूस निघे. जिनिंग सुरू झाली की रुई हवेतच राहे. चहात पडे, भुवईवर बसे, डाग द्यायच्या तापल्या कैयाच्या टोकावर जळे. त्या जळक्या रुईचा वास अजून आला की मले वाटते, आता कोणी तरी काउंटरवर रेडिओ ठेवीन अन् म्हणीन, "सदाभाऊ, बातम्याच्या आत करून द्या."

एक बँकेचे साहेब पुण्याकून बदलून आलते. त्यायचा रेडिओ मी त्यायच्या समोर उघडला, त मूठभर कापूस निघाला. साहेब तापले. म्हणे, "आतला पार्ट काढून कापूस भरलात का तुम्ही?"

मी म्हणलं, "साहेब, दोन महिने राहा. तुमच्या नाकातूनही निघन."

दोन महिन्यानं साहेब दुकानाच्या पायरीवर येऊन सात वेळा शिंकले. रुमाल खिशात ठेवला अन् म्हणे, "सदाभाऊ, निघाला."

मंग आमची दोस्ती झाली. बदली होऊन गेले तवा रेडिओ मलेच देऊन गेले. अजून वाजते.

•

मंग कॉम्प्युटर आले. एका जिनिंगच्या मुनीमजीनं दसऱ्याले कॉम्प्युटरची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूचा हार, उदबत्ती, इथपर्यंत ठीक. पण वजनकाट्यापुढं नारळ फोडायची सवय, तसा नारळ त्यानं कॉम्प्युटरच्या डब्यावरच फोडला. पाणी जाळीतून आत गेलं. वरून मुहूर्त म्हणून बटन दाबलं.

डबा टॉवेलात गुंडाळून माह्याकडं आणला. "सदाभाऊ, पूजेत काही चुकलं का?"

"पूजा बरोबर झाली मुनीमजी," म्हणलं. "प्रसाद यानं एकट्यानंच खाल्ला."

त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा हार्डडिस्क उलटी करून पाह्यली. खालून हिरवा बोर्ड चार स्क्रूवर बसलेला, अन् जळला होता तो तेवढाच. सारा माल आतल्या चकत्यायवर असते, त्यायले काही झालं नव्हतं. तसलीच दुसरी बंद डिस्क आणून तिचा बोर्ड हिले लावला, त डिस्क चालू. मुनीमजीनं माहे पाय धरले. मी एक महिना छाती काढून फिरलो.

नंतर नव्या डिस्का आल्या, अन् छाती आत गेली. बोर्ड तोच, नंबर तोच, लावला की डिस्क नुसती टक-टक करे. यवतमाळच्या एका मेकॅनिकनं सांगतलं, "काका, बोर्डावर आठ पायाची काळी चिप असते. प्रत्येक डिस्कची खूणगाठ तिच्यात. जळक्या बोर्डावरची चिप काढून नव्यावर बसवावी लागते." म्हणजे बोर्ड कोणाचाही चालते, चिप तिचीच पाहिजे. मले इंग्रजी येत नाही, पण पाय मोजता येतात. तवापासून जळका बोर्ड फेकायचा नाही, हा माह्या दुकानाचा कायदा.

•

आता वासुदेव. बाजूचा फोटो स्टुडिओ त्याचा. तीस वर्षं आम्ही एकाच किटलीतला चहा पेतो अन् तीस वर्षं भांडतो. दिग्रसच्या आजूबाजूचं एक लगन असं नाही की जिथं याच्या कॅमेऱ्याच्या लाइटनं नवरीचे डोळे दिपले नाहीत.

त्याची एक सवय. साऱ्या सामानावर डॉक्टरची पांढरी पट्टी चिकटवते अन् त्याच्यावर नाव लिहिते. बॅटरी एक, बॅटरी दोन, लॅपटॉप, हार्डडिस्क. दर दसऱ्याले सामान पुसते, मळक्या पट्ट्या काढते, नव्या लावते. एकदा मी इचारलं, "वासुदेव, बायकोच्या कपाळावर लावली का पट्टी?" त आठ दिवस चहाले आला नाही.

दसऱ्याच्या आधी मी त्याच्या हार्डडिस्कचा अडॅप्टर दुरुस्त करून देल्ला. बारा व्होल्टचा. मीटर लावून, त्याले दाखवून. दसरा झाला अन् दोन दिवसांनी डिस्क जळली. हा बाबू चौकात, चहाच्या टपरीवर, पंधरा माणसासमोर म्हणाला, "सदाशिवनं दुरुस्त केलेल्या अडॅप्टरनं माही डिस्क खाल्ली. म्हातारा झाला तो. हात कापतात त्याचे."

हात कापतात, हे खरं. पण चाळीस वर्षांत माह्या हातून कोणाचं सामान जळलं नव्हतं. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं पायरीपर्यंत आली अन् वापस गेली.

मीही बसलो नाही. म्हणलं, आण तो अडॅप्टर, दाखव. त म्हणे, "कायले आणू? आता लॅपटॉपही चार्ज होत नाही माहा. तुह्या दुकानाचं वारंच खराब आहे."

•

तो जळका बोर्डही त्यानं माह्याकडं आणला नाही. रागात बाहेरून नवा मागवला, स्वतःच चार स्क्रू फिरवून लावला, अन् जुना भंगारात देल्ला. डिस्क टक-टक.

मले हे कळलं ते गुलाबबाईमुळं. बंजारा तांड्यावरची बाई, माहं टीव्ही-गिऱ्हाईक. दुकानात येऊन नुसती स्टुलावर बसली. तिच्या मोठ्या पोरीच्या लगनाचं शूटिंग वासुदेवचं. त्यात तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, नातीच्या गळ्यात पडून ढावलो म्हणला होता. त्यायच्यात नवरी सासरी निघताना रडत म्हणते तो ढावलो, अन् म्हातारी एकेक ओळ पुढं सांगत होती. म्हातारी मंग वारली. घरची सीडी उंदरानं खाल्ली. वासुदेवनं तिले सांगतलं, जुना बोर्ड भंगारात गेला अन् नव्यावर डिस्क चालत नाही. आता धाकटीचं लगन तुळशीच्या लग्नानंतर.

"भिया," ती मले भाऊ मानून म्हणली, "मले अर्धाच येते. पुढचा याडीलेच येत होता. पोरगी काय अर्धं रडून जाईन?"

मी उठलो अन् वासुदेवशी एक शब्द न बोलता थेट रहीमचाचाच्या भंगारात गेलतो. चाचा म्हणे, "हरा वाला बोर्ड? वो तो पपीते पे है."

माकडं पपया खात म्हणून चाचानं झाडाले जुन्या सीड्या अन् चमकदार बोर्ड दोरीनं टांगले होते. मधात आमचा बोर्ड, वाऱ्यानं गरगर फिरून राह्यला. मी चिप पाह्यली. आठही पाय शाबूत.

"चाचा, याच्यानं माकडं पळाली का?"

"नहीं मियाँ. पर अब गिन के खाते हैं."

•

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गुलाबबाई स्टुलावर, तिची धाकटी पोरगी दाराशी. वासुदेवले निरोप धाडला, डिस्क घेऊन ये. तो आला, पण उंबऱ्याच्या बाहेरच उभा. गंमत पाहाले टपरीवरचे चार-पाच मागं.

दोन चष्मे एकावर एक लावले. कोपर टेबलाले टेकवलं, मनगट बिस्किटाच्या डब्याले टेकवलं. असं टेकलं की हात कापत नाही, हे मले रेडिओनं शिकवलं. जळक्या बोर्डावरची चिप सोडवली, नव्यावर बसवली. आठ टाके. पंधरा मिनिटं लागली.

माह्या टेबलाच्या बारा व्होल्टवर डिस्क लावली. टक-टक नाही. गुणगुणली. वासुदेव तवा उंबऱ्याच्या आत आला, त्यानंच फाईल शोधली.

पहिले बँड, मंग गलका, मंग म्हातारीचा आवाज. पातळ, पण तुटत नव्हता. गुलाबबाईनं पदर तोंडाले लावला. धाकटी पोरगी दारातून आत येऊन खाली बसली अन् ओठ हलवत म्हातारीमागं म्हणू लागली. दोन ओळीनंतर तिचा आवाज निघाला. गुलाबबाई म्हणली, "परत लाव, भिया." तीन वेळा लावला. टपरीवाला चहा आणून विसरला, हातातच थंडा झाला.

मंग मी म्हणलं, "वासुदेव, आता माहा अडॅप्टर आण. साऱ्यायसमोर त्याच्यावरच चालवून दाखवतो. जळली त दुकान बंद करतो."

"राहू दे ना बे सदा."

"आण."

गेला. घेऊन आला. जाडजूड काळी वीट. वर पांढरी पट्टी, तिच्यावर वासुदेवच्या हस्ताक्षरात 'हार्डडिस्क'. मी डिस्कले लावायच्या आधी मीटर लावला अन् मीटर लोकायकडं फिरवला. बारा नाही, साडेएकोणीस.

वासुदेवनं मीटर पाह्यला. वीट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. नखानं दसऱ्याची नवी पट्टी काढली. दुसरीकडं कुठं चिकटवायची ते सुचलं नाही, म्हणून स्वतःच्या बुशकोटाच्या खिशावर चिकटवली. अन् म्हणाला,

"तरीच म्हणलं, लॅपटॉप चार्ज काहून होत नाही."

अन् वीट घेऊन निघून गेला.

धाकटीचं लगन झालं. ढावलो पूर्ण झाला. शूटिंगही वासुदेवचंच होतं. चहाले तो अजून रोज येते, बिस्कीट माह्या बशीतलं उचलते, साऱ्या जगाच्या गोष्टी करते. माफीचं तेवढं राह्यलं आहे. नाव लिहून ठेवतो, सूनबाई खोडीन त खोडू द्या: वासुदेव, फोटो स्टुडिओवाला, माह्या बाजूचा.