ढग नव्हते

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — छे, हेही खोटंच. सांगतोय, कारण आता गिळवत नाही.

मलकापूरला एका ऑफिसात मी उपग्रहाचे फोटो वाचतो. कोणत्या साली शेती कुठवर होती, डोंगरात किती वर सरकली, ते रेघा मारून दाखवायचं. नांगरलेलं रान तपकिरी, झाडी हिरवी. सोपं वाटतं ना?

एकदा स्क्रीनवर आमचंच गाव आलं, पाटणच्या वरच्या अंगाचं. जुन्या फोटोत शेत दिसेल त्याचं रान त्याला राहणार, बाकीचं जंगलात जाणार होतं. हौसाआक्का आमची शेजारीण. नवऱ्यामागं चढावरच्या नाचणीच्या एका तुकड्यावर एकटी जगलेली बाई. तिची भाकरी खाऊन मी शाळेला गेलोय. आणि तिचा तुकडा फोटोत हिरवागार! असणारच की. चढावरचं रान तीन-चार वर्षं पिकवलं की आम्ही पडीक ठेवतो, मातीला दम खाऊ देतो. त्या साली तिथं झुडपं माजली होती. हे साहेबांना कुठनं माहीत असणार? पण मला — मला तर माहीत होतं ना?

साहेबांनी विचारलं, "हे जंगलच ना? याच्या आधीचा फोटो स्वच्छ असेल तर तोच धरू."

होता. मी तो सकाळीच उघडून पाहिला होता. त्यात आक्काचं रान तपकिरी, बांधावरच्या हिरड्यासकट. आणि त्याच्या वरच्या अंगाला, जिथं आमच्या वडलांनी पुढच्या साली झाडं तोडून शेत काढलं — तिथं दाट झाडी. तो फोटो धरला की आक्काचं राहतं आणि आमचं जातं.

"ढग आहेत, सर," मी म्हणालो. "काहीच दिसत नाही."

जीभ जराही अडखळली नाही. लाज वाटते ती याचीच जास्त.

आक्काचं रान गेलं. दिवाळीला गावी गेलो, तर ती आपणहून आली. वडलांनी तिला ढगांचं सांगितलं होतं. त्यांना मीच तसं सांगितलेलं.

"तू तरी काय करशील रं बाळा? ढगच आलं आडवं, त्येला कुनाचा विलाज हाय?" म्हणाली, आणि पदराआडनं नाचणीच्या पिठाची पिशवी काढली. "शेवटचं हाय. सूनबाईला दे."

मी म्हणालो, "व्हय, आक्का." पिशवी घेतली. भाकरीही खाल्ल्या.

तो फोटो अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. ढगाचा एक पुंजकासुद्धा नाही त्यात. साहेबही तेच आहेत, पलीकडच्या खोलीत बसतात. दार उघडंच असतं. मी अजून गेलेलो नाही.