बनसोड सरांचा सोमवार

बनसोड सर सोमवारी खुर्चीवर बसत नसत. त्या दिवशी एकेका पोराने घरून काहीतरी आणायचं, सरांच्या खुर्चीवर बसायचं आणि वर्गाला त्याबद्दल सांगायचं. सर खाली, पोरांत टाटपट्टीवर. "शिकव मले, मी ढ आहो," म्हणायचे. एकीने संत्र्याचं कलम बांधून दाखवलं, तेव्हा सर मुद्दाम दोनदा चुकले आणि तिची बोलणी खाल्ली.

मी पांढुर्ण्यातल्या त्या शाळेची मुख्याध्यापिका. मला ही थेरं वाटायची. अभ्यासक्रम मागे पडतो म्हटलं, की सर हसत. "मॅडम, लेकरू घर बाहेर ठेवून कसं येईन? चप्पल आहे का ते?"

नदीपलीकडच्या सावरगावची रेणू मात्र वर्गात तोंडच उघडत नसे. सरांनी तिला कधी घाई केली नाही. दर सोमवारी विचारायचे, "आज, का पुढच्या सोमवारी?" ती नुसती मान हलवायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार झाली. दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, ती आमची जत्रा. त्यानंतरच्या सोमवारी रेणू आपणहून खुर्चीवर जाऊन बसली. मुठीत दगड होता. "हा गोटा माह्या बाबाच्या डोयाले लागला," ती म्हणाली. "आता त्या डोयानं दिसत नाही."

मी दारातच उभी होते. वर्गात निम्मी पोरं या काठाची. कुणाच्या बापाने फेकला यावरून आता जुंपणार, या विचाराने मी घाबरले. आत गेले, दगड तिच्या हातातून घेतला आणि खिडकीबाहेर भिरकावला.

"काय केलं मॅडम?" सर उठले. "पयल्यांदा बोलून राहिली होती पोरगी."

दुपारभर सर मैदानात वाकून दगड वेचत होते. सात-आठ आणून तिच्यापुढे ठेवले. "यातला कोणता तुहा?" तिने एकेक उचलून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. सर तीनदा सावरगावला जाऊन आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सर मागच्या वर्षी वारले. आता सोमवारी मी टाटपट्टीवर बसते. परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमी कधीच काही आणत नाही?"

मी कपाटातून सरांनी वेचलेले ते दगड काढले आणि खुर्चीवर बसले. "यातला रेणूचा एकही नाही," मी म्हणाले.