मोहाच्या पाण्यावर फुगलेली डबलरोटी

माझी नातवंडं ज्याला बर्गर म्हणतात, तो मी आरमोरीजवळच्या एका खेड्यात चुलीवर केला होता, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. ते नाव तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. आम्ही त्याला कटलेट-डबलरोटी म्हणायचो. आणि तो उत्तम झाला होता. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात दोष माझ्या हाताचा नव्हता.

माहेर माझं वरोऱ्याचं. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते. मी बारा-तेरा वर्षांची असताना ते मला एकदा बल्लारशाला घेऊन गेले. तिथे फलाटावर एक माणूस मोठ्या तव्यावर चपटी कटलेटं तळत होता. गोल डबलरोटी मधोमध कापायची, आतल्या बाजू त्याच तव्यावर शेकायच्या, मध्ये कटलेट, कांद्याची चकती आणि लाल चटणी घालून कागदात गुंडाळून द्यायची. गाडी सुटायच्या आत माणसं उभ्याउभ्या खाऊन मोकळी होत. वडिलांनी मला एक घेऊन दिली. मी ती खाल्ली आणि तो माणूस पुढची कशी करतो ते बघत राहिले. पदार्थ एकदा डोळ्यांनी नीट पाहिला की तो मला येतो, असं मला तेव्हाही वाटायचं. पुष्कळदा ते खरंही ठरलं आहे.

सासरी धानाची शेती होती. आमचे हे मास्तरकीच्या शिक्षणासाठी चांद्याला राहायचे, महिन्यातून एकदा यायचे. घरात मामाजी म्हणजे माझे सासरे, सासूबाई, मी आणि माझी नणंद. नणंद माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. मी तिला बाई म्हणायची, ती मला वैनी. धान कांडताना, पाणी भरताना आम्ही दोघी बरोबर असायचो, आणि बल्लारशाच्या कटलेटाची गोष्ट तिने माझ्याकडून इतक्यांदा ऐकली होती की ती तिला तोंडपाठ झाली होती.

त्या हिवाळ्यात तिला नागपूरचं स्थळ आलं. मुलगा कुठल्याशा कचेरीत नोकरीला. मध्यस्थाने निरोप आणला त्यात एक वाक्य असं होतं की, मुलाला शहरातल्या खाण्याची सवय आहे. सासूबाईंनी ते वाक्य मनाला लावून घेतलं.

"आता त्याले काय खाऊ घालावं?" त्या म्हणाल्या. "आपल्या घरी भात, वरण अन् लाखोरी डाळीचे वडे. नागपूरवाले नाकं मुरडतीन."

"कटलेट-डबलरोटी करू," मी म्हटलं.

"डबलरोटी इथी कुठी भेटते?"

"भेटत नाही, करायची."

मामाजी ओसरीत दोरखंड वळत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "पोरी, भाकर सोडून दुसरं काई चुलीवर फुगन काय?"

"फुगंल, मामाजी."

पाहुणे यायला पंधरा दिवस होते. आरमोरीच्या बाजारातून मैदा आणवला. पहिल्या खेपेस मी दही आणि सोडा घालून पीठ भिजवलं. भाजायला भट्टी नव्हती, म्हणून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तळाला रेती घातली, रेतीवर पितळी वाट्यांमध्ये पिठाचे गोळे ठेवले, वर परात झाकली आणि परातीत निखारे ओतले. भट्टीची ही युक्ती जमली. रोट्या मात्र जमल्या नाहीत. वाटीतून काढलेला गोळा नणंदेने जमिनीवर टाकून पाहिला, तर तो टणकन वाजला. मामाजींनी एक उचलून बैलापुढे धरला. बैलाने हुंगला आणि मान फिरवली. दोघी हसलो, पण मला राग आला होता. उष्णता बरोबर होती, पीठ बरोबर होतं. फुगवणारं काहीतरी कमी पडत होतं.

ते मला सांगितलं तळ्यावरच्या काकीने. तिच्या घरची माणसं गावच्या तळ्यात जाळी टाकायची आणि ती टोपलीत मासे घेऊन घरोघर फिरायची. मी कटलेटासाठी मासा विचारायला तिच्याकडे गेले होते. बल्लारशाचं कटलेट कशाचं होतं मला ठाऊक नव्हतं, पण आमच्याकडे तळं होतं, तर मासाच घ्यावा असं मी ठरवलं होतं.

"काट्याचा घेशीन तं पाहुण्याच्या गळ्यात अडकन," काकी म्हणाली. "मरळ घे. मधातला काटा काढला का सारं मांस मोकळं. मी आणून देतो जिवंत." मग तिने विचारलं, "अन् रोटी काऊन फुगून नाई राह्यली?"

मी सगळं सांगितलं. तिने थोडा विचार केला.

"मोहा भिजवून पाह्य ना. वाळला मोहा कोमट पाण्यात टाकला का तिसऱ्या दिवशी फसफसते. त्या पाण्यात भिजव तुहं पीठ. जे भांड्याचं झाकण उचलते, ते पीठ नाई उचलन काय?"

घरात मोहाची फुलं होतीच. मूठभर भिजवली, वर फडकं बांधलं आणि भांडं चुलीशेजारी ठेवलं. तिसऱ्या दिवशी कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येत होती. पाणी गाळून पीठ मळलं आणि सकाळी झाकून ठेवलं. दुपारी फडकं काढलं तर पीठ परातीच्या काठाला आलं होतं. नणंदेने त्यात बोट खुपसलं, खड्डा हळूहळू भरून आला. ती मोठ्याने ओरडली, "वैनी, हे जितं आहे!"

वास मात्र घरभर झाला. मामाजी शेतातून आले ते दारातच थांबले.

"घरात दारू गाळून राह्यले का तुम्ही?"

"डबलरोटी करून राह्यलो, बाबा," नणंद म्हणाली.

त्यांनी स्वतः येऊन परात पाहिली. संध्याकाळी गंजातून पहिली रोटी निघाली तेव्हा ते चुलीशी येऊन बसले होते. वरून तांबूस, आतून मऊ, जाळीदार. त्यांनी ती मीठ लावून खाल्ली. मग दुसरी मागितली.

पाहुणे यायचे त्याच्या चार दिवस आधी मी पुन्हा मोहा भिजवला. या खेपेस पीठ नणंदेने मळलं. दंड भरून येईपर्यंत ती मळत होती. पाहुण्यांच्या दिवशी काकी भल्या सकाळी दोन मरळ देऊन गेली. मी ते हळद-मीठ लावून वाफवले, काटा काढला, उकडलेला बटाटा, आलं, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर घालून मळले, तांदळाच्या कण्यांत घोळवले आणि जवसाच्या तेलात तव्यावर तळले. लाल चटणी भेदराची, म्हणजे टोमॅटोची, थोडा गूळ घालून. डबलरोटी कापून शेकली, कटलेट ठेवलं, वर कांद्याची चकती. पाहुणे किती येतील ठाऊक नव्हतं, म्हणून अकरा जणांना पुरेल एवढं केलं. एकही रोटी कच्ची नव्हती, एकही कटलेट फुटलं नव्हतं. बल्लारशाच्या त्या माणसाने पाहिलं असतं तर मान डोलावली असती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

मुलगा, त्याचे वडील आणि मामा असे तिघे आले. ओसरीत पाटावर बसले. नणंदेने ताटल्या नेऊन ठेवल्या आणि ती रिवाजाप्रमाणे खाली मान घालून समोर बसली. मी दाराआड उभी होते.

मुलाच्या वडिलांनी एक घास घेतला आणि थांबले. "हे कुठून मागवलं?"

"घरीच केलं," सासूबाई घाईने म्हणाल्या. "आमच्या पोरीनंच केलं."

असं म्हणण्याची पद्धतच होती. मला त्याचं काही वाटलं नाही. पण नणंदेने मान वर केली.

"वैनीनं केलं," ती म्हणाली. "मी फक्त पीठ मळलं. चार दिवस लागले याले."

मुलाचे वडील हसले. "खरं बोलते पोरगी," ते म्हणाले आणि खात राहिले.

मुलगा तोवर वेगळंच करत होता. त्याने डबलरोटी उघडली, आतलं कटलेट काढून खाल्लं आणि रोटीचे दोन्ही भाग बाजूला सारले. मग त्यातल्या एकाला हात पुसले. मामाजींनी ते पाहिलं.

"रोटी नाई आवडली काय?" त्यांनी विचारलं.

"नाही, तसं नाही," तो हसत म्हणाला. "याच्यासाठी चार दिवस घालवले म्हणता? आमच्याकडे नागपूरला कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते."

तो वाईट मनाने बोलला असेल असं मला वाटत नाही. तो फक्त बोलला. पण मी नणंदेच्या हातांकडे पाहिलं. मांडीवर दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या होत्या.

आठ दिवसांत निरोप आला, मुलगी पसंत आहे. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नणंद चुलीशी होती. तिथूनच म्हणाली, "मले नाई करायचं तिथी."

"काऊन?" सासूबाई चकित झाल्या. "शहर आहे, नोकरी आहे. वंगाळ काय आहे त्याच्यात?"

"त्यानं रोटीले हात पुसले."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"एवढीशी नाई, माय. उद्या मी जे करीन त्यालेबी तो असाच हात पुसन."

सासूबाई रडू लागल्या. मला वाटलं, आता मामाजी उठतील आणि सगळं माझ्या डोक्यावर येईल, कारण डबलरोटीचं खूळ माझं. मीच पुढे झाले आणि म्हटलं, "मामाजी, मी असा पदार्थच करायला नको होता का?"

त्या काळात आमच्याकडे मुलीला कुणी विचारत नसे, आणि मुलीने नाही म्हटलं तर ते ऐकून घेण्याची रीतही नव्हती. पण मामाजी सासूबाईंकडे वळले.

"तिनं पीठ मळलं तवा मी पाह्यलं," ते म्हणाले. "हात सुजले होते तिचे. त्या दिवशी ओसरीत मलेबी राग आला होता, पण पाहुणा म्हणून गप बसलो. तिले नाई जायचं तं नाई जायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आरमोरीला जाऊन मध्यस्थाला नकार कळवला. कारण विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं, जसं होतं तसं. मध्यस्थाने ते हसत चार गावांत पसरवलं. वर्षभर आम्हाला कुणी स्थळ आणेना आणि सासूबाईंनी त्याबद्दल मला बोलायचं कधी सोडलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात चिमूरकडचं एक शेतकरी घर आपणहून चौकशी करत आलं. मुलाच्या आईने ती गोष्ट ऐकली होती. ओसरीत बसल्याबसल्या ती नणंदेला म्हणाली, "हात दाखव तं, बाई." नणंदेने हात पुढे केले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "कामाचे आहेत. आमच्या घरी कोणी काही वाया घालवत नाई." मुलगा शेजारी बसून लाजत होता. नणंदेने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहून मान हलवली.

लग्न त्याच वर्षी झालं. पाहुण्यांना भात, वरण आणि लाखोरीचे वडेच होते.