फिटरभाऊंनी शोधलेली चूक

फिटरभाऊ इंजिन कानाने ऐकत नाहीत, हाडाने ऐकतात. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी तोंड उघडलं की मोकळा हात वर करून त्याला गप्प करतात, मग ते गिऱ्हाईक असो नाहीतर बायको. बसडेपोत वीस-बावीस वर्षं डिझेल इंजिनं उघडता उघडता त्यांचा डावा कान गेला, तेव्हापासून ही सोय.

आमच्या घराकडे येणाऱ्या चढाच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज आहे. दोन गाड्यांपुरतं पत्र्याचं छप्पर, एक खड्डा, कोपऱ्यात तेलाचं पिंप आणि मागे राहायच्या दोन खोल्या. पाटी नाही. "पाटी लावली की पाटीसारखं वागावं लागतं," म्हणतात. बोलणं असं तिरकं, पण काम सरळ. काढलेला जुना पार्ट फडक्यात बांधून ज्याचा त्याला परत देणार. आणि दुसरी गोष्ट, जुना कशाने गेला ते कळल्याशिवाय नवा बसवणार नाहीत. "पार्ट मरत नाही ताई, त्याला कुणीतरी मारतं. मारणारा सापडला नाही तर नव्यालाही तोच मारणार." हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन.

आमची डिझेल हॅचबॅक नवऱ्याच्या नावावर असली, तरी ती चालवते मी. मुलीची शाळा, सासूबाईंचा गुडघ्याच्या व्यायामाचा दवाखाना, बाजार. दिवसातून तीन-चारदा तो चढ. एके दिवशी अर्ध्या चढावर गाडीने शीळ घातली, आरशात निळा धूर दिसला आणि पायाखालचा जोरच गेला. मागून सासूबाई म्हणाल्या, "मी उतरून ढकलू का?" त्यांचे गुडघे असे, आणि विचारणं हे!

टर्बो गेला होता. म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर फिरणारं एक पातं आणि त्याच दांड्यावर दुसरं, ते इंजिनात जादा हवा कोंबतं. मिनिटाला लाख-दीड लाख फेरे. फिटरभाऊंनी तो काढून दांडा बोटाने हलवला, तर पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगला.

आमच्या ह्यांचे डोळे मात्र चमकले. "बदलायचाच आहे तर मोठा टाकू या की! हे बघा, मोठ्या इंजिनाचा असतो ना, तो हिला बसवतात लोक." मोबाईलमध्ये फोटो तयारच होता. किती वर्षं जपून ठेवला होता कोण जाणे.

फिटरभाऊंनी फोटो शांतपणे पाहिला. "साहेब, रोज गाडी कोण चालवतं?"

"ही."

"मग तुम्ही जरा बाजूला व्हा."

आणि ते माझ्याकडे वळले. चढावरच्या वळणावर कोणता गिअर असतो? दुसरा. वळण संपलं की लगेच ओढ लागते, की दोन श्वास थांबलं तरी चालेल?

"मागे ट्रक असतो हो भाऊ. थांबते कसली?"

"मग हा नको. मोठ्या पातेल्याला उकळी यायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर साहेबांना मजा येईल, पण त्या वळणावर तुम्ही पाय दाबून बसाल आणि गाडी विचार करत बसेल. शिवाय एवढा जोर या क्लचला झेपणार नाही. क्लच बदला, मग गिअरबॉक्स कुरकुरणार…"

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," हे हिरमुसून म्हणाले.

दोन वाटा उरल्या. होता तस्साच नवा, किंवा बाहेरून तोच पण आतलं पातं थोडं मोठं. "रोजच्या गाडीला हा मधला झेपेल. खालून ओढेल, वर थोडा जास्त पळेल. पण तुम्ही सांगा, ताई."

मी अगदी मान ताठ करून "मधला" म्हणाले. ह्यांनीही मानलं. गाडीच्या बाबतीत दोन पुरुषांनी माझा शब्द शेवटचा धरावा, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मग फिटरभाऊंनी जुना टर्बो खोलून दांडा उजेडात धरला. त्यावर काळं, कडक कवच होतं. "तेल जळून कोळसा झालाय. चढ चढून आल्यावर गाडी लगेच बंद करता, की मिनिटभर चालू ठेवता?"

हे त्यांनी मला चार वर्षांपूर्वीच बजावलं होतं. चढून आल्यावर टर्बो लालबुंद तापलेला असतो. गाडी बंद केली की तेल फिरायचं थांबतं आणि दांड्याशी उरलेलं तिथल्या तिथे करपतं. मिनिटभर नुसतं बसायचं, गाडीला दम खाऊ द्यायचा. मी आठवडाभर बसलेही होते. मग कधी फोन, कधी मुलीची घाई, कधी सासूबाईंचं "पोचलो ना? मग उगाच धूर कशाला काढतेस?" आणि मला स्वतःलाही रिकामा जाळ बघवत नाही. फाटकातून आत आले की हँडब्रेकच्या आधी किल्ली फिरवायची, हीच सवय झाली होती.

मी उत्तर देण्याआधी आमचे हेच म्हणाले, "छे हो! आम्हाला पाठ आहे ते. काय गं?"

"हो तर," मी म्हणाले.

मी ह्यांना भ्याले नव्हते. ते काही रागावणारे नाहीत. पण नुकतीच मानाने बसले होते त्या पाटावरून लगेच उठायला जीव धजेना. एवढीशी गोष्ट, एवढंसं खोटं.

फिटरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे. "मग चूक माझ्याकडेच असणार. तेल मीच बदलतो."

आणि ते ती चूक शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना पाहिलं तर गाडीखालून त्यांचे फक्त पाय दिसत होते. टर्बोला तेल नेणारी नळी काढून फुंकून पाहिली होती, तळाचं तेलाचं भांडं उतरवलं होतं, त्यातली जाळी धुऊन कागदावर वाळत ठेवली होती. तिसऱ्या दिवशीही पाय तिथेच. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने गेले. हे लिहायला आजही जड जातं, पण गेले.

चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोने, वहिनींनीच मला गाठलं. "ताई, तुमच्या गाडीने काय जादू केली हो आमच्या माणसावर? दोन दिवस ताट झाकलेलं ते झाकलेलंच. विचारलं तर म्हणतात, हात चुकला माझा. नळी, जाळी, कुठेच काही सापडलं नाही, तर आता म्हणे तेलच खराब. आणि आज सकाळपासून फोन लावत बसलेत."

"कुणाला?"

"या पिंपातलं तेल ज्यांच्या ज्यांच्या गाडीत घातलं, त्या सगळ्यांना. तेलात खोट आहे, गाडी घेऊन या, बदलून देतो. अकरा जण झाले. असं कुणी आपणहून सांगतं का? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच समजवा."

मला वाटलं होतं, शोधून शोधून दमतील, एक दिवस 'नशीब' म्हणून नवा बसवतील आणि संपेल. चूक सापडली नाही तर हा माणूस गावभर स्वतःलाच चोर ठरवत फिरेल, हे ध्यानातच आलं नव्हतं. आणि चूक सापडणार कुठून? ती माझ्यापाशी होती.

ते स्टुलावर बसून उजव्या कानाला फोन लावून बोलत होते. "हो, माझ्याकडूनच झालंय…" त्यांनी फोन ठेवेपर्यंत मी थांबले.

"भाऊ, तेल चांगलं आहे. मी गाडी लगेच बंद करते. चार वर्षं झाली."

ते पाहतच राहिले. "पण त्या दिवशी तुम्ही…"

"खोटं बोलले."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. फोन त्यांनी खिशात घातला, परत काढला. "दांडा बघून मला पहिल्यांदा तेच वाटलं होतं," ते म्हणाले. "पण तुम्ही हो म्हणालात. मग डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही."

वहिनी दारातून म्हणाल्या, "सापडली ना चूक? मग आता तरी जेवा!" आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून 'ताई' गेलं. आता त्या मला 'मॅडम' म्हणतात.

ह्यांना सांगितलं तर हसले. "हात्तिच्या! एवढंच? मला वाटलं गाडी कुठे ठोकलीस." फिटरभाऊंना फोन करून दोन शब्द बोलले आणि त्यांच्या लेखी विषय मिटला. दुसऱ्या दिवशी मधला टर्बो बसला. गाडी त्या वळणावरून अशी निघते की मागचा ट्रक मागेच राहतो. सासूबाई खूश. मला त्या जोराची लाज वाटते.

फिटरभाऊंनी अकराही जणांना पुन्हा फोन केले, तेल ठीक आहे म्हणून. आठ जण हसले. तिघांनी गाड्या आधीच दुसरीकडे नेल्या होत्या. त्यातला एक शाळेच्या व्हॅनवाला, दोन व्हॅनचा मालक, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. मी फिटरभाऊंना म्हणाले, मी बोलते व्हॅनवाल्याशी. ते म्हणाले, "राहू द्या." पण मी राहू दिलं नाही.

तो मला पेट्रोल पंपावर भेटला. व्हॅनमध्ये डिझेल भरत होते. मी सगळं सांगितलं, काही न वगळता. माझं नाव, माझी गाडी, माझी किल्ली, माझं 'हो तर'. तेलात काही नव्हतं, हे दोनदा सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. माणूस समंजस होता. "ताई, त्याच्यासाठी एवढं अंगावर घेताय, मोठं मन आहे तुमचं. पण मी दुसऱ्यांची लेकरं फिरवतो. तेलात खोट आहे हे मला कुणा ऐऱ्यागैऱ्याने सांगितलेलं नाही, फिटरने स्वतः सांगितलं. नंतर म्हणाला ठीक आहे. धंदा बसायला लागल्यावर कुणीही म्हणेल."

"अहो, पण ते पहिलं जे बोलले, तेच चुकीचं होतं. माझ्यामुळे."

"पंधरा वर्षांत तो माझ्याशी एकदाही खोटं बोलला नाही," व्हॅनवाला म्हणाला. "स्वतःची चूक सांगताना कशाला बोलेल?"

टाकी भरली होती. त्याने झाकण घट्ट फिरवलं, मला वाट द्यायला हात केला आणि व्हॅन सुरू केली.